तीन ठोके

किल्ली चांगली वीतभर लांब होती आणि हात खाली जावा इतकी जड. मिसेस ॲब्लेटनी ती दारामागच्या खिळ्यावरून काढली, एप्रनला पुसली आणि माझ्या हातात ठेवली.

“कुलूप जरा हट्टी आहे, डॉक्टर. किल्ली आधी थोडी बाहेर ओढायची, मग फिरवायची.”

थॉर्नवॉल्ड गावच्या चर्चची किल्ली चर्चसमोरच्या घरात, या मिसेस ॲब्लेटकडे असायची. चर्चच्या दारावर तशी चिठ्ठीच लावलेली होती. कुणीही यावं, त्यांचं दार ठोठावावं, किल्ली मागावी आणि आत पाहून झालं की परत आणून द्यावी. नाव लिहून घेणं नाही, सोबत कुणी येणं नाही. आईला या व्यवस्थेचं फार कौतुक वाटलं.

“आपल्याकडे गुरव तरी मागोमाग आला असता,” ती मला मराठीत म्हणाली. मग पदर सारखा करून, स्वेटरची बटणं लावून, मिसेस ॲब्लेटकडे वळून म्हणाली, “गुड आफ्टरनून, मॅडम. थँक यू फॉर युवर ट्रस्ट.”

आईनं एकोणतीस वर्षं कऱ्हाडच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. गिजरे बाईंच्या हाताखालून गेलेली मुलगी कर्मणी प्रयोगात कधी चुकायची नाही, असं लोक सांगत. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चोख होतं. फक्त बोलताना एकेक शब्द सुटा यायचा, फळ्यावर लिहिल्यासारखा. मी सहा वर्षं इंग्लंडात काढून माझे उच्चार घासूनपुसून घेतले होते. त्यामुळे तिनं चारचौघांत तोंड उघडलं की मला आतल्या आत चोरट्यासारखं व्हायचं. तेव्हा हे कुणी म्हणालं असतं तर मी ते साफ झटकलं असतं.

“या तुमच्या आई होय?” मिसेस ॲब्लेट म्हणाल्या. “आणि गुरुवारी तुमचं ठरणार ना? आम्हां सगळ्यांना वाटतंय तुम्ही राहावं.”

मी हसलो आणि “बघू या” म्हणालो, पण माझे कान टवकारले होते. थॉर्नवॉल्डच्या दवाखान्यात मी तीन महिने बदली डॉक्टर म्हणून काम करत होतो. तिथल्या दोन वयस्क डॉक्टरांना तिसरा कायमचा भागीदार हवा होता. उमेदवार दोन उरले होते. एक मी, आणि दुसरा याच भागातला, ज्याच्या आजोबांची शेती डोंगरापलीकडे होती. गावातल्या रुग्णांची एक समिती होती, तिचं मत डॉक्टर विचारात घेत, आणि मिसेस ॲब्लेट त्या समितीवर होत्या. सहा वर्षांत माझी आठ हॉस्पिटलं आणि सात भाड्याची घरं झाली होती. आमची मुलगी दोन महिन्यांची होती. अनघानं, माझ्या बायकोनं, बाळंतपणातून उठल्या उठल्या सांगितलं होतं, “आता मला सामान बांधायला लावू नकोस.” मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की त्या गावच्या रस्त्यानं चालतानासुद्धा मी पाठ ताठ ठेवायचो.

आई ऑगस्टमध्ये बाळंतपणासाठी आली होती. रविवारी दुपारी अनघा आणि बाळ झोपली की मी आईला गाडीत घालून आसपासच्या खेड्यांत न्यायचो. सुरुवातीला बागा दाखवल्या, एक किल्ला दाखवला. मग पाऊस आला म्हणून एकदा एका चर्चमध्ये शिरलो, आणि त्यानंतर तिला चर्चशिवाय दुसरं काही नको झालं. थॉर्नवॉल्डचं सातवं.

चर्च बघायची तिची एक रीत होती. बाहेरच्या पडवीत ती बूट काढायची. थंडी असो, फरशी बर्फासारखी असो, ती मोज्यांवर आत जायची. “अगं, इथं कुणी काढत नाही,” मी म्हणायचो. “न काढू देत. देव कुणाचा का असेना, घर त्याचं आहे,” ती म्हणायची. मग भिंतीवरच्या आणि जमिनीतल्या पाट्या ती मोठ्यानं वाचायची, मृत्युसालातून जन्मसाल वजा करायची. “सत्तावीस वर्षांची. बाळंतपणातच गेली असणार बघ. आणि हा नवरा तिच्यामागं चाळीस वर्षं राहिला.” अशी तिची गावाशी ओळख व्हायची. मी दोन-चार मिनिटं ऐकायचो आणि मग कंटाळून घड्याळ बघायचो.

थॉर्नवॉल्डचं चर्च लहानसंच होतं. जाड भिंती, मेणाचा आणि ओल्या दगडाचा वास, खिडकीतून बाकांवर पडलेला ऑक्टोबरचा फिकट उजेड. मागच्या बाजूला, मनोऱ्याच्या खाली, वरून एक जाड दोर लोंबत होता आणि त्याचं टोक भिंतीतल्या लाकडी खुंटीला अडकवलेलं होतं. हाताच्या उंचीवर त्याला लोकरीची लाल-पांढरी पकड गुंफलेली होती. आधीच्या सहाही चर्चमध्ये हे दोर कुलपात किंवा उंचावर बांधलेले असत. आई या दोराशी थबकली.

मी तेव्हा दुसऱ्या टोकाला एक पितळी पाटी वाचत होतो. गेल्या शतकातल्या कुण्या डॉक्टरनं या गावाची एक्केचाळीस वर्षं सेवा केली, म्हणून गावानं ती बसवली होती. मी मनातल्या मनात त्या पाटीवर माझं नाव घालून बघत होतो. कबूल करायला लाज वाटते, पण ‘गिजरे’चं स्पेलिंग त्या जागेत मावेल का, इथपर्यंत माझं गेलं होतं.

“सुबोध, वाजवू का रे?” आईनं विचारलं.

कऱ्हाडला घाटावरच्या देवळात ती रोज जायची. पायरी चढली की घंटा, मग देवी. तीनदा वाजवायची, ना कमी ना जास्त. आल्याची वर्दी दिल्याशिवाय आत कसं जायचं, असं तिचं म्हणणं. दोन महिने सहा चर्चमध्ये ती वर्दी न देताच शिरली होती.

“वाजव की. काय होतंय,” मी पाठमोराच म्हणालो.

पहिल्या ओढीला वर नुसतं लाकूड कुरकुरलं. तिनं दोन्ही हातांनी पुन्हा ओढलं, आणि घंटा वाजली. आवाज इतका मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. बाकं थरथरल्यासारखी वाटली. मी वळलो तोवर दुसरा ठोका पडला होता, आणि “बास आता” म्हणेपर्यंत तिसरा. तिनं दोर खुंटीला नीट अडकवला, हात जोडले आणि माझ्याकडे बघून हसली.

“नाद किती वेळ राहतो बघ,” ती म्हणाली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

पाचेक मिनिटं गेली असतील. दार धाडकन उघडलं आणि एक म्हातारा आत आला. पायात घरातल्या सपाता, अंगात कोट नाही, हाताला बागेतली माती. त्यानं पहिल्या बाकाचं टोक घट्ट धरलं.

“डोरिस का?” तो म्हणाला. “मला कुणी फोनच केला नाही. डोरिस का?”

मी त्याला ओळखलं. आर्थर केटल. वय अठ्ठ्याऐंशी. त्याच्या बायकोला, डोरिसला, नऊ दिवसांपूर्वी मीच तपासून तालुक्याच्या हॉस्पिटलात पाठवलं होतं. छातीत कफ भरला होता, त्यातून वाचेल याची खात्री नव्हती.

त्याच्या मागून मिसेस ॲब्लेट धापा टाकत आल्या. “आर्थर, खाली बस. कुणाचा फोन नाही. मी आत्ता हॉस्पिटलात विचारलं, डोरिस झोपलीय. ऐकलंस का? झोपलीय.”

म्हातारा बसला. मग मिसेस ॲब्लेट माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा मघाचा राहिला नव्हता.

“डॉक्टर, घंटा तुम्ही वाजवलीत?”

मी हातातल्या किल्लीकडे बघितलं.

“प्रार्थनेची वेळ सोडून ही घंटा इथं एकाच कारणासाठी वाजते,” त्या म्हणाल्या. “गावातलं कुणी गेलं, की तीन ठोके. माझ्या आजीच्या काळापासून हेच चालत आलंय. सगळा गाव आज आर्थरच्या घराकडे बघत असेल.”

समोर तो थरथरणारा म्हातारा होता, आणि मला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर गुरुवार. वाटलं, गेलं सगळं. ज्याला कुठं काय करावं हे कळत नाही असला परका माणूस, असं आता या बाई समितीत सांगणार.

आई उठली. मोज्यांवर चालत ती आर्थर केटलसमोर आली आणि तिनं हात जोडले. “सर, आय ॲम व्हेरी सॉरी,” ती तिच्या त्या सुट्या, स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. “घंटा मी वाजवली. आमच्याकडे देवळात—”

“माझ्या आईला बरं नसतं,” मी तिच्या वाक्यावरून बोललो. माझा आवाज एकदम शांत होता, दवाखान्यातला. “डिमेन्शिया आहे. आपण कुठं आहोत, काय करतोय, तिला कळत नाही. माझं जरा दुर्लक्ष झालं. चूक माझीच.”

तो शब्द मला कुठून सुचला हे मला पक्कं ठाऊक आहे. नऊ दिवसांपूर्वी डोरिस केटलच्या कागदावर तो मीच माझ्या हातानं लिहिला होता. तयार होता, म्हणून बाहेर आला. आणि ‘चूक माझीच’ हे वर आणखी जोडलं, म्हणजे माझा मोठेपणाही दिसला.

आईचं वाक्य अर्धंच राहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. ते मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, कारण मी मिसेस ॲब्लेटवरून नजर हलवली नाही. तिला एकच वाक्य पुरलं असतं. ‘मी माझ्या मुलाला विचारून वाजवली’ एवढंच ती म्हणाली असती तर मी तिथंच संपलो असतो. मी वाट बघत होतो. ती बोलली नाही. जोडलेले हात तिनं हळूहळू खाली घेतले.

“अरेरे,” मिसेस ॲब्लेट म्हणाल्या. त्यांचा सगळा राग उतरला. “मला काही कळलंच नाही. किती नीट बोलल्या मघाशी.”

“काही वाक्यं पाठ आहेत,” मी म्हणालो. “शिक्षिका होती.”

आर्थर केटलचा चेहराही पालटला होता. त्यानं बाकावर सरकून जागा केली, आईचा हात धरून तिला शेजारी बसवलं. “माझ्या डोरिसचंही तेच आहे,” तो मला म्हणाला. “दोन वर्षं झाली. मला दूधवाला समजते.” मग आईकडे वाकून, लहान मुलाशी बोलावं तसं, मोठ्यानं आणि सावकाश म्हणाला, “नाव काय तुमचं, बाई? नाव?”

आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या वेळी माझी नजर चुकवायची राहिली. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती काहीतरी ठरवत होती. मग तिनं ते ठरवलं, आणि तिचा चेहरा एकदम ढिला पडला. ती हसली. ते हसू मी त्याआधी तिच्या चेहऱ्यावर कधीच पाहिलं नव्हतं. दवाखान्यात मात्र रोज पाहत होतो.

“घरी कधी जायचं रे?” ती मला मराठीत म्हणाली.

“काय म्हणतायत?” आर्थरनं विचारलं.

“घरी कधी जायचं, विचारतेय.”

“डोरिसही हेच विचारायची,” तो म्हणाला. “घरातच बसून विचारायची.” आणि तो आईचा हात थोपटत राहिला. त्याच्या हाताची माती तिच्या हाताला लागली. तिनं हात काढून घेतला नाही.

आम्ही बाहेर पडवीत आलो. आई बूट घालायला बाकड्यावर टेकली आणि खाली वाकणार तोच आर्थर केटल म्हणाला, “थांबा, थांबा, मला सवय आहे.” तो एका गुडघ्यावर बसला. भिंतीचा आधार घेत, कण्हत बसला. त्यानं आईचं पाऊल हातात घेऊन बुटात घातलं आणि नाडी बांधू लागला. माझी आई एकाहत्तर वर्षांची होती. आपल्याहून वयानं मोठ्या माणसाला तिनं कधी आपल्या पायाला हात लावू दिला नव्हता. माझ्या मामांना तिचा पाय चुकून लागला तरी ती त्यांना नमस्कार करायची. तिनं डोळे मिटून घेतले. त्यानं दोन्ही नाड्या बांधल्या, दुहेरी गाठ मारली आणि म्हणाला, “आता सुटायची नाही.” मी हातात किल्ली घेऊन उभा होतो. मी डॉक्टर होतो, मुलगा होतो आणि दोघांतल्या एकालाही खाली वाकायला सुचलं नाही.

किल्ली परत देताना मिसेस ॲब्लेटनी माझा दंड दाबला. “घरी एवढं सगळं असून तुम्ही कुणाला बोलला नाहीत,” त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

गाडीत आई बराच वेळ बाहेर बघत होती. मी हीटर वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. बोलायला दहा मैल होते. शेवटी तीच बोलली.

“त्यांच्या मिसेस वाचतील का?”

“कठीण आहे,” मी म्हणालो.

“मग तू त्यांना घरी जाऊन भेटत जा. एकटे आहेत.”

घरी आल्यावर तिनं अनघाला खिडकीच्या रंगीत काचांबद्दल सांगितलं, पाट्यांबद्दल सांगितलं. घंटेबद्दल काही नाही. मी स्वतःची समजूत घातली, की मी भरभर बोललो होतो, तो शब्द तिच्या पाठ्यपुस्तकांत नव्हता, तिला नीट कळलंच नसणार. वाक्याच्या मध्येच थांबलेली ती माझ्या डोळ्यांसमोर होती, तरी मी हे स्वतःला सांगत राहिलो.

गुरुवारी मला ती जागा मिळाली. दोघांतल्या मोठ्या डॉक्टरांनी हात मिळवताना सांगितलं, “मिसेस ॲब्लेट तुमच्यासाठी फार बोलल्या. जो माणूस स्वतःच्या आईला असा सांभाळतो, तो आमच्या म्हाताऱ्यांनाही सांभाळेल, असं त्यांचं म्हणणं पडलं.” मी आभार मानले. घरी पेढ्यांऐवजी अनघानं शिरा केला. आईनं देवापुढं त्याची वाटी ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्यानंतर ती पाच आठवडे होती. रविवारी बाहेर जायचं नाव तिनं काढलं नाही. “थंडी सोसत नाही आता,” म्हणायची. एकदाच आम्ही थॉर्नवॉल्डच्या दुकानात गेलो, घर बघायला आलो होतो म्हणून. आई चष्मा लावून बिस्किटांच्या पुड्यावरचा मजकूर वाचत होती. तेवढ्यात मिसेस ॲब्लेट दारातून आत येताना तिला दिसल्या. तिनं पुडा खाली ठेवला. चष्मा काढून पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली आणि माझ्या शर्टाची बाही धरली. मिसेस ॲब्लेट जवळ येऊन “कशा आहात, बाई?” असं मोठ्यानं म्हणाल्या, तेव्हा ती ते हसू हसली. त्या जाईपर्यंत तिनं बाही सोडली नाही.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. पार्किंगमध्ये बोलू, घरी गेल्यावर बोलू, विमानतळावर बोलू, असं करत मी तिला नोव्हेंबरात विमानात बसवून आलो.

डोरिस केटल त्याच हिवाळ्यात गेली. सकाळी दवाखान्यात बसलो असताना घंटा वाजली आणि वेटिंगमधले सगळे लोक गप्प झाले. आर्थरच्या घरी मी जात राहिलो, आईनं सांगितल्याप्रमाणे. तो दर वेळी पहिल्यांदा विचारायचा, “आई कशा आहेत?” गावच विचारायचं. रक्तदाब मोजून घेताना विचारायचे, ख्रिसमसच्या कार्डावर लिहायचे. मी म्हणायचो, “आहेत तशाच.” आई तेव्हा कऱ्हाडला दहावीच्या मुलींच्या शिकवण्या घेत होती आणि वर्तमानपत्रातल्या इंग्रजी पत्रांतल्या चुका लाल पेनानं खुणा करून मला टपालानं पाठवत होती. वर्षातून एकदा मी तिथं जायचो. ती माझ्या आवडीचं सगळं करायची. आम्ही त्या दुपारचं कधी बोललो नाही.

चार वर्षांनी मुलगी शाळेत जायला लागली. तिला आजी हवी होती. वर्गात सगळ्यांच्या आज्या येत होत्या. आम्ही थॉर्नवॉल्डलाच घर घेतलं होतं, चर्चपासून दोन गल्ल्यांवर. अनघानं व्हिसाचे कागद मागवले, आईची खोली रंगवून घेतली. मी एका रविवारी आईला फोन केला आणि म्हणालो, या उन्हाळ्यात ये, चांगली सहा महिने राहा.

“मलाही बघावंसं वाटतं रे पोरीला,” ती म्हणाली. “पण लोकांना काय सांगशील?”

“कशाबद्दल?” मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

“मी बरी कशी झाले, त्याबद्दल.” तिच्या आवाजात टोमणा नव्हता. डॉक्टरला शंका विचारावी तसं तिनं विचारलं, “त्या आजारातून माणूस बरं होत नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग तिथं परत तसंच बसायला हवं. पोरीसमोर मला ते जमायचं नाही, सुबोध,” ती म्हणाली. “दे तिला फोन. तिला म्हणावं, आजी बोलतेय.”